बंदिवासातील राज्ञी आणि राज्याचा धर्म

राज्याचा धनी शत्रूच्या हाती सापडला तर राज्यही त्याच्याबरोबर शत्रूच्या स्वाधीन होते काय, हा प्रश्न राजनीतीचा आहे. आणि परधर्मीय सत्तेच्या कैदेत पडलेल्या माणसाने आपला धर्म कोणत्या मर्यादेपर्यंत राखावा अशी अपेक्षा त्याच्या समाजाने धरावी, हा प्रश्न धर्मशास्त्राचा आहे. छत्रपती संभाजी महाराजांच्या पत्नी महाराणी येसूबाई यांच्या आयुष्यात हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी उभे राहिले. ३ नोव्हेंबर १६८९ रोजी रायगड मोगलांच्या ताब्यात गेला, तेव्हा त्या आपल्या सात वर्षांच्या पुत्रासह, म्हणजे पुढील काळातील छत्रपती शाहूंसह, कैद झाल्या. आणि त्या कैदेतून सुटून साताऱ्यास पोहोचल्या तो दिवस ४ जुलै १७१९ हा होता. मधल्या जवळजवळ तीस वर्षांत औरंगजेबासह दिल्लीच्या तख्तावरचे अनेक बादशहा आले आणि गेले, मराठ्यांचे राज्य दोन गाद्यांत विभागले गेले, आणि ज्या मुलाला घेऊन त्या गडावरून उतरल्या तो छत्रपती होऊन पेशवे नेमू लागला. या दीर्घ बंदिवासाकडे केवळ करुण कथा म्हणून पाहण्याची सवय मराठी वाचकाला आहे. परंतु त्याचा खरा विचार करावयाचा तर त्यात कोणी काय त्यागले, त्या त्यागाची किंमत कोणी मोजली आणि ती मोजणाऱ्यांशी समाज कसा वागला, हे तपासणे आवश्यक ठरते.

या विचारासाठी मालवणचा किनारा ही एक सोयीची जागा आहे. मालवणसमोरील कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी ज्याच्या बांधकामास आरंभ झाला त्या सिंधुदुर्गात शिवराजेश्वराचे मंदिर आहे. ते येसूबाईंचे दीर छत्रपती राजाराम यांच्या कारकिर्दीत उभे राहिले असे मानले जाते आणि त्यात शिवाजी महाराजांची मूर्ती देवतारूपाने पूजली जाते. राजारामांची कारकीर्द म्हणजे १६८९ ते १७०० हा काळ. या काळात संभाजी महाराज मारले गेले होते, राजधानी गेली होती, राज्याचा वारस बादशाही छावणीत होता आणि राजाराम स्वतः दूर तमिळ प्रदेशातील जिंजीच्या किल्ल्यात राहून राज्य चालवीत होते. ज्या पिढीला राजा डोळ्यांनी पाहावयास मिळत नव्हता, त्या पिढीने राज्याच्या संस्थापकाला देवालयात बसविले, ही घटना भक्तीची आहे तशीच राजनीतीचीही आहे. राजाचे शरीर नाश पावणारे असते आणि शत्रूला ते पकडता येते, पण राज्य ज्या कल्पनेवर उभे असते ती कल्पना पकडता येत नाही, असा तिचा आशय आहे. आणि पुढे ज्याचा विचार केला आहे त्या येसूबाईंच्या रायगडावरील निर्णयातही हाच आशय दिसतो.

येसूबाईंचा बंदिवास ज्या संघर्षात घडला त्याला धार्मिक संघर्ष म्हणावे काय, याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. औरंगजेबाने १६७९ साली जिझिया, म्हणजे मुसलमानेतर प्रजेकडून घ्यावयाचा कर, पुन्हा सुरू केला होता आणि आपली सत्ता शरियतच्या आधाराने चालते असे तो मानीत असे. परंतु दक्षिणेत उतरल्यावर त्याने प्रथम जी दोन मोठी राज्ये बुडविली ती विजापूरची आदिलशाही आणि गोवळकोंड्याची कुतुबशाही ही मुसलमान राज्ये होती. १६८६ साली सिकंदर आदिलशहा आणि १६८७ साली अबुल हसन कुतुबशहा हे दोघेही त्याचे कैदी झाले, आणि त्यांपैकी अबुल हसन दौलताबादच्या किल्ल्यात कैदेतच मरण पावला. दुसऱ्या बाजूला बादशाही फौजेत राजपूत होते, बुंदेले होते आणि मराठेही होते. खुद्द येसूबाईंचे बंधू गणोजी शिर्के मोगलांच्या चाकरीत गेले होते, आणि पुढे त्याच गणोजींनी जिंजीच्या वेढ्यातून राजारामांना निसटून जाण्यास साहाय्य केले. कोकणालाही या युद्धाची झळ लागली होती. १६८४ च्या आरंभी शहजादा मुअज्जम रामघाट उतरून खाली आला, तेव्हा कुडाळ, बांदा, वेंगुर्ले हा सारा टापू त्याच्या फौजेने जाळला आणि लुटला, आणि अखेर अन्नावाचून त्याच फौजेची दैना झाली. त्या लुटीत घर जळालेल्या रयतेला हे युद्ध राज्यासाठी आहे की धर्मासाठी, असा भेद करण्याची सवड नव्हती.

तथापि राज्यविस्ताराच्या युद्धात धर्माचा प्रश्न नेमका कोठे शिरतो हे कैद्यांच्या वागणुकीवरून ओळखता येते. पदच्युत आदिलशहा किंवा कुतुबशहा यांच्यापुढे धर्म बदलण्याचा प्रश्न येणारच नव्हता. त्यांना राज्य गमवावे लागले आणि स्वातंत्र्य गमवावे लागले, पण श्रद्धेवर हात टाकण्याचे कारण विजेत्यापाशी नव्हते. रायगडाच्या कैद्यांच्या बाबतीत राज्य आणि स्वातंत्र्य गेल्यानंतरही हिरावून घेण्यासारखे आणखी काही उरले होते, आणि ते हिरावण्याचा विचार बादशहाच्या मनात आला. एकाच विजेत्याच्या एकाच छावणीतील दोन प्रकारच्या कैद्यांमधील हे अंतर म्हणजेच या संघर्षातील धर्माचा अंश होय. तो नाकारणे जितके चुकीचे, तितकेच सर्व युद्ध त्यातच सामावले होते असे म्हणणेही चुकीचे ठरेल.

येसूबाई या कोकणातील शृंगारपूरच्या पिलाजीराव शिर्क्यांची कन्या. संभाजी महाराजांनी त्यांना राज्यकारभारात अधिकार दिला होता आणि ‘श्री सखी राज्ञी जयति’ हा शिक्का त्यांच्या नावाने चालत असे. म्हणजे त्यांचे राज्ञीपद केवळ पत्नीपणामुळे आलेले नव्हते, त्याला कारभाराचा आधार होता. १ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वरी संभाजी महाराज पकडले गेले. ही वार्ता रायगडावर आल्यानंतर त्याच महिन्यात राजारामांचे मंचकारोहण झाले, म्हणजे पूर्ण राज्याभिषेकाचा विधी न करता त्यांना राज्याच्या आसनावर बसविण्यात आले. ११ मार्च रोजी संभाजी महाराजांचा वध झाला, मार्चच्या अखेरीस रायगडाला वेढा पडला आणि ५ एप्रिल रोजी राजाराम गडाबाहेर पडले. राजघराण्यातील सर्वांनी एकाच जागी अडकून पडू नये, राजारामांनी बाहेर राहून राज्य राखावे आणि आपण गड लढवावा, असा सल्ला येसूबाईंनी दिला ही हकीकत बखरपरंपरेने सांगितली आहे. बखरी त्या काळानंतर शतकभराने लिहिल्या गेल्या असल्या तरी घटनांचा क्रम या हकीकतीशी जुळतो: आपला पुत्र हयात असताना, आणि ज्येष्ठ शाखेचा वारस म्हणून त्याचा हक्क कोणी नाकारलेला नसताना, राज्ञीने दिराला पुढे करण्यास मान्यता दिली आणि स्वतः पुत्रासह वेढ्यात राहिली.

या निर्णयाचे मोल समजण्यासाठी भारतीय राजनीतीतील सप्तांग राज्याची कल्पना लक्षात घ्यावी लागते. या कल्पनेनुसार स्वामी, अमात्य, जनपद म्हणजे भूमी आणि प्रजा, दुर्ग, कोश, दंड म्हणजे सैन्य, आणि मित्र अशा सात अंगांनी राज्य बनते. कौटिल्याने या अंगांत स्वामीला अग्रस्थान दिले आहे, परंतु स्वामी म्हणजेच संपूर्ण राज्य असे म्हटलेले नाही. रायगडावर जे ठरले त्यात ही जुनी कल्पना प्रत्यक्षात उतरली. एक स्वामी मारला गेला, दुसरा स्वामी परमुलखात गेला आणि संभाव्य तिसरा स्वामी शत्रूच्या छावणीत पोहोचला. पण रामचंद्रपंत अमात्य आणि शंकराजी नारायण यांच्यासारखे कारभारी, संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांच्यासारखे सेनानी, सह्याद्रीतील आणि समुद्रातील दुर्ग, आणि कर देणारी व सैनिक पुरविणारी रयत ही बाकीची अंगे काम करीत राहिली. औरंगजेबाच्या हाती राजधानी, वारस आणि राज्ञी ही तिन्ही होती. मराठ्यांचे राज्य त्याच्या हाती आले नाही, आणि ते हाती यावे म्हणून त्याला पुढची अठरा वर्षे दक्षिणेतच काढून तेथेच, अहमदनगरजवळ, १७०७ साली मरावे लागले. राज्ञीने सत्ता आपल्या व आपल्या पुत्राच्या देहाशी बांधून ठेवली असती, तर त्या देहांबरोबर सत्ताही बंदिवान झाली असती.

युरोपच्या इतिहासातील स्कॉटलंडची राणी मेरी स्टुअर्ट हिच्याशी तुलना केली म्हणजे हा मुद्दा अधिक उघड होतो. कॅथॉलिक राणी आणि प्रॉटेस्टंट सरदार यांच्या झगड्यात १६ व्या शतकात स्कॉटलंड सापडला होता. मेरीला १५६७ साली तिच्याच सरदारांनी कैद करून तान्ह्या पुत्राच्या नावे राज्य सोडण्यास भाग पाडले. पुढच्या वर्षी ती इंग्लंडमध्ये आश्रयासाठी गेली आणि तिथे एकोणीस वर्षे कैदेत राहिली. राज्यत्याग सक्तीचा होता म्हणून तिने तो मनाने कधी स्वीकारला नाही, आणि इंग्लंडच्या गादीवरही तिचा हक्क सांगितला जात असल्यामुळे असंतुष्ट कॅथॉलिकांचे कट तिच्या नावाभोवती रचले जाऊ लागले. त्याची परिणती ८ फेब्रुवारी १५८७ रोजी तिच्या शिरच्छेदात झाली. मेरीच्या कैदेत तिचा हक्क हाच तिचा घात करणारा ठरला. येसूबाईंनी हक्काची जागा आधीच दुसऱ्याकडे सोपविली होती, त्यामुळे त्यांच्या जिवंत राहण्याने बादशहाला भय नव्हते. उलट त्या जिवंत असण्यातच त्याचा लाभ होता, कारण शाहूंना पुढे करून मराठ्यांत फूट पाडण्याचा डाव त्यांच्या जिवंत असण्यावरच अवलंबून होता. या दोन राण्यांत कोण अधिक धर्मनिष्ठ होती हा प्रश्न येथे गैरलागू आहे. कैदेत जाण्यापूर्वी राज्याची सोय कोणी लावली होती, हा भेद महत्त्वाचा आहे.

मराठी राजकैद्यांचा बंदिवास तळघरातला नव्हता. औरंगजेबाने शाहूंना राजा ही पदवी आणि सात हजारी मनसब, म्हणजे बादशाही सेवेतील दर्जा दाखविणारा उच्च हुद्दा, दिला. कैद्यांचे तंबू बादशहाच्या छावणीतच असत आणि छावणी जिकडे हले तिकडे तेही हलत. बादशहाची कन्या झीनतुन्निसा बेगम हिने या मायलेकरांवर ममता केली असे मराठी परंपरा सांगते, आणि शाहूंची लग्नेही छावणीतच झाली. परंतु सन्मानाचा बंदिवास हाही बंदिवासच असतो, आणि त्यातून निर्माण होणारा नैतिक पेच कधीकधी अधिक सूक्ष्म असतो. शाहू शिजविलेले अन्न घेत नाहीत, फळे आणि मिठाई यांवरच राहतात, कारण शिजविलेले अन्न कैदेतील हिंदूने खाऊ नये अशी त्यांची समजूत आहे, हे बादशहाच्या कानी गेले तेव्हा, तुम्ही कैदेत नसून आपल्याच घरी आहात असा निरोप त्याने पाठविला, अशी एक हकीकत मोगल बाजूच्या आठवणींत येते. हा निरोप सौजन्याचा असेलही, पण ज्याने माणसाला पकडून ठेवले तोच त्या जागेला घर म्हणू लागला म्हणजे कैद्याजवळचा शेवटचा आधारही, आपण कैदी आहोत असे म्हणण्याचा अधिकार, काढून घेतला जातो. अन्नाविषयीचा तो नियम रूढीचा असो वा शास्त्राचा, त्याने एक गोष्ट मात्र साधली: ही जागा घर नाही, हे रोज दोन वेळा सिद्ध होत राहिले.

१७०० च्या सुमारास हा पेच टोकाला गेला. शाहू वयात आले होते आणि त्यांनी इस्लाम स्वीकारावा असा बादशहाचा विचार झाला. तसे घडते तर हिंदू समाजाच्या तत्कालीन समजुतीप्रमाणे त्यांचा राज्यावरील हक्कही संपल्यासारखा झाला असता. शाहूंनी नकार दिला. परंपरेनुसार बेगमेच्या मध्यस्थीने असे ठरले की शाहूंच्या ऐवजी दुसऱ्या कोणी धर्मांतर केल्यास बादशहाचे समाधान होईल, आणि सरसेनापती प्रतापराव गुजर यांचे पुत्र खंडेराव व त्यांचे बंधू यांनी इस्लाम स्वीकारला. १६७४ साली नेसरीला वडिलांनी राज्यासाठी प्राण दिले होते; पुत्रांनी राज्याच्या वारसासाठी आपला धर्म दिला. या दोन दानांत मोठे कोणते, हे ठरविण्यास धर्मशास्त्रात साधन नाही. रणात पडलेल्या वीराला स्वर्ग मिळतो असे शास्त्र सांगते. दुसऱ्याचा धर्म वाचविण्यासाठी स्वतःचा धर्म सोडणाऱ्याला काय मिळते, याविषयी ते मौन पाळते.

येथे आपद्धर्माचा विचार अपरिहार्य होतो. आपद्धर्म म्हणजे संकटकाळी, नेहमीचे नियम पाळणे अशक्य झाले असता, आचरावयाचा धर्म. महाभारताच्या शांतिपर्वात त्याला स्वतंत्र विभाग दिला असून, दुष्काळात भुकेने व्याकूळ झालेल्या विश्वामित्राने चांडाळाच्या घरातील निषिद्ध मांस घेतले ही कथा त्यात येते. जगणे राहिले तर धर्म पुन्हा आचरता येईल, असा त्या कथेचा युक्तिवाद आहे. सक्तीने धर्मांतरित झालेल्यांच्या बाबतीत देवलस्मृती आणखी पुढे जाते. सिंधवरील अरब स्वारीनंतरच्या काळातील मानली जाणारी ही स्मृती म्लेंच्छांच्या, म्हणजे परधर्मीय परकीयांच्या, हाती सापडलेल्या स्त्रीपुरुषांना प्रायश्चित्त देऊन परत घेण्याचे विधान करते, आणि ही सवलत वीस वर्षांपर्यंत कैदेत राहिलेल्यांनाही देते. तेव्हा परतीचा रस्ता शास्त्रात होता. मराठ्यांच्या राज्यात तो वापरलाही गेला होता: विजापुरी दरबारात मुसलमान झालेले बजाजी निंबाळकर परत घेतले गेले आणि त्यांच्या पुत्राला शिवाजी महाराजांनी आपली कन्या दिली, १६६७ साली मुहम्मद कुलीखान झालेले नेताजी पालकर १६७६ साली परत आले, आणि हर्सूलच्या गंगाधर कुलकर्ण्यांना संभाजी महाराजांच्या काळात शुद्ध करून घेण्यात आले.

या पार्श्वभूमीवर खंडेराव गुजरांचे पुढे काय झाले, हा या सर्व प्रकरणातील सर्वांत बोचरा प्रश्न आहे. शाहू गादीवर आल्यानंतर गुजरांना विसरले नाहीत. साताऱ्याजवळ परळीच्या बाजूस त्यांना उत्पन्न दिले. परंतु त्यांचे घराणे मुसलमानच राहिले. ज्यांच्यासाठी देवलाचे विधान लिहिले गेले असे म्हणता येईल, ज्यांनी आपल्या श्रद्धेत कमी पडून नव्हे तर दुसऱ्याच्या श्रद्धेची राखण करण्यासाठी धर्मांतर केले, त्या कुटुंबापर्यंत शास्त्रातली आणि राज्यातली ती उदार परंपरा पोहोचली नाही. येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे: खंडेरावांनी दिलेला शब्द हा शाहूंचा धर्म राखण्याच्या सौद्याचा भाग होता, आणि तो मोडणे म्हणजे सौदाच खोटा ठरविणे होते, शिवाय त्यांनी नव्या धर्मात मनाने समाधान मानले असेल, तर त्यांना परत आणण्याचा आग्रह हीदेखील एक सक्तीच झाली असती. हा आक्षेप वजनदार आहे, आणि त्यामुळे गुजरांच्या इस्लाममध्ये राहण्याला पराभव म्हणण्याचे कारण नाही. पण त्यातून समाजाची जबाबदारी संपत नाही. शाहूंच्या न मोडलेल्या धर्माचा गौरव करणाऱ्या प्रत्येकाने, तो धर्म कोणाच्या धर्माच्या मोबदल्यात अभंग राहिला, हेही त्याच ओळीत सांगितले पाहिजे.

१७०७ च्या मे महिन्यात शहजादा आझमशहाने शाहूंना माळव्यात सोडले. ते महाराष्ट्रात परतल्यास राजारामांच्या राणी ताराबाई यांचा आणि त्यांचा झगडा होईल, ही त्यामागची अटकळ होती. मात्र येसूबाई, शाहूंची पत्नी सावित्रीबाई आणि संभाजी महाराजांचे दासीपुत्र मदनसिंग यांना ओलीस, म्हणजे शाहूंच्या वर्तनाची हमी म्हणून धरून ठेवलेली माणसे, या नात्याने दिल्लीला नेण्यात आले. अर्थशास्त्राच्या सातव्या अधिकरणात कौटिल्याने ओलिसांचा विचार केला आहे. कोणाला ओलीस द्यावे, कोणाला देऊ नये आणि ओलिसाने सुटून कसे यावे याची चर्चा तो पूर्णपणे लाभहानीच्या भाषेत करतो. त्या भाषेत बोलावयाचे तर वृद्ध होत चाललेली राजमाता ही कमी मोलाची ओलीस ठरते. प्रत्यक्षात मोगलांनी तिला आणखी बारा वर्षे सोडले नाही, कारण पुत्राच्या मनात आईचे मोल काय असते हे तेही जाणत होते.

शाहू परतल्यावर मोगलांची अटकळ खरी ठरली. खेडच्या लढाईत ताराबाईंच्या सैन्याचा पराभव झाला, १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास शाहूंचा राज्याभिषेक झाला, आणि पन्हाळा गेल्यावर ताराबाईंनी प्रथम रांगण्याचा आणि मग मालवणच्या सिंधुदुर्गाचा आसरा घेतला. राजारामांच्या मृत्यूनंतर सात वर्षे औरंगजेबाशी झुंजणारी ही राणी, ज्या किल्ल्यात तिच्या पतीच्या काळातले शिवराजेश्वराचे मंदिर होते, त्याच किल्ल्याच्या भिंतीआड आपल्या घराण्याच्याच दुसऱ्या शाखेपासून सुरक्षितता शोधीत होती. पुढे १७१४ साली कोल्हापुरात तिची सवत राजसबाई हिने आपल्या पुत्राला गादीवर बसवून ताराबाईंना आणि त्यांच्या पुत्राला पन्हाळ्यावर कैद केले. तो पुत्र कैदेतच वारला, आणि ताराबाईंना १७३१ च्या वारणेच्या तहाच्या सुमारास तेथून साताऱ्यास नेण्यात आले. कैद करणारे आणि कैदी एकाच कुळाचे, एकाच कुलदैवताचे. तरी या जावा-जावांपैकी एकीला परक्यांनी वर्षानुवर्षे धरून ठेवले, तसेच दुसरीला आपल्यांनी धरून ठेवले. पदच्युत राणीला कोंडून ठेवणे हे वारसाहक्काच्या राजकारणाचे सर्वसाधारण साधन होते आणि त्यासाठी धर्मभेद लागत नव्हता, हे यावरून दिसते. भेद इतकाच की पन्हाळ्यावर ताराबाईंची सत्ता हिरावली गेली, श्रद्धेला कोणी हात लावला नाही. मोगल छावणीत सत्ता आधीच सोपवून दिलेल्या कैद्यांच्या श्रद्धेपर्यंत हात पोहोचू पाहत होता.

येसूबाईंची सुटका अखेर पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्या मुत्सद्देगिरीने झाली. दख्खनचा सुभेदार सय्यद हुसेन अली याच्याशी १७१८ साली झालेल्या करारानुसार मराठी फौज दिल्लीला गेली, तेथे हुसेन अली व त्याचा भाऊ या सय्यद बंधूंनी फर्रुखसियर बादशहाला पदच्युत केले, आणि मार्च १७१९ मध्ये मराठ्यांना स्वराज्याची, चौथाईची व सरदेशमुखीची सनद मिळाली. स्वराज्य म्हणजे शिवाजी महाराजांच्या राज्याचा मूळ मुलूख, चौथाई म्हणजे दख्खनच्या सहा सुभ्यांच्या महसुलाचा चौथा हिस्सा, आणि सरदेशमुखी म्हणजे त्याखेरीज दहावा हिस्सा. याच्या बदल्यात शाहूंनी पंधरा हजार स्वारांनिशी बादशहाची चाकरी करावी आणि दरसाल दहा लाख रुपयांची पेशकश भरावी असे ठरले. म्हणजे ज्या सत्तेशी सत्तावीस वर्षे लढून मराठ्यांनी आपले स्वतंत्र अस्तित्व सिद्ध केले, त्याच सत्तेचा मान कागदावर स्वीकारून त्यांनी आपली राजमाता परत आणली. निखळ तत्त्वाच्या दृष्टीने ही माघार म्हणावी लागेल. पण येसूबाईंनी १६८९ साली राज्यासाठी आपल्या पुत्राचा हक्क बाजूला ठेवला होता. १७१९ साली राज्याने त्यांच्यासाठी आपला अभिमान थोडा बाजूला ठेवला, तर तो हिशोब न्याय्यच म्हटला पाहिजे. व्यक्तीने राज्यासाठी त्याग करावा हा उपदेश सर्वच राज्ये करतात; त्या त्यागाची परतफेड करणे राज्याला बंधनकारक आहे, हे मान्य करणारी राज्ये थोडी असतात.

सुटकेनंतरच्या शाहूंच्या वागण्याचाही या प्रश्नाशी संबंध आहे. सुटून येताना त्यांनी खुलदाबादला औरंगजेबाच्या कबरीचे दर्शन घेतल्याचे सांगितले जाते, आणि साताऱ्यातील बेगम मशीद त्यांनी झीनतुन्निसेच्या आठवणीसाठी बांधविली अशी परंपरा आहे. वडिलांचा क्रूर वध, स्वतःचे बालपण आणि आईची उमर ज्याच्या छावणीत गेली, त्याच्या घराण्याविषयी हा माणूस सूडाने वागला नाही. कोणी याला कैदेने आलेली दुर्बलता म्हटले आहे. परंतु मुअज्जमच्या फौजेने जाळलेला कोकण आणि झीनतुन्निसेने दाखविलेली माया या दोन्ही गोष्टी एकाच साम्राज्याच्या होत्या, आणि ज्याने ते साम्राज्य आतून पाहिले त्याला त्याच्या धर्माचा आणि त्याच्या अन्यायाचा फरक करता येत होता. अन्यायाला विरोध करताना अन्याय करणाऱ्याच्या संपूर्ण धर्माला शत्रू ठरविण्याची गरज नसते, हा विवेक शाहूंना तंबूतल्या त्या अठरा वर्षांनी दिला असावा. आणि त्या अठरा वर्षांत त्यांच्याजवळ जे वडील माणूस होते, ते येसूबाई होत्या.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष असा की, धर्मसंघर्षातील बंदिवासाचे मोजमाप कैद्याच्या एकट्याच्या निष्ठेने करणे हे अपुरे आहे. येसूबाईंचा मोठेपणा त्यांच्या दुःखात शोधला जातो, पण तो त्यांच्या निर्णयात आहे: राज्य आपल्या देहापेक्षा आणि आपल्या पुत्राच्या हक्कापेक्षा मोठे आहे हे ओळखून त्यांनी ते वेळेवर मोकळे केले, आणि म्हणूनच त्यांना पकडूनही बादशहाला राज्य पकडता आले नाही. त्याच बंदिवासात खंडेराव गुजरांनी जे दिले ते त्याहून कमी नव्हते, आणि त्यांना राज्याने उत्पन्न दिले तरी समाजाने त्यांच्या दानाला नाव दिले नाही. राज्ञीची वाट राज्याने तीस वर्षे पाहिली व तिला सन्मानाने परत आणले. तिच्या पुत्राचा धर्म ज्यांनी आपल्या धर्माने विकत घेतला, त्यांचे ऋण मराठी समाजावर अजूनही बाकी आहे.